भिंतीला ओल आली, घरमालक म्हणतो खिडक्या उघडा. मग नक्की जबाबदारी कोणाची?

भाड्याच्या घरात भिंतीला ओल आली की पहिला वाद दुरुस्तीवरून होतच नाही, तो होतो ओल कशामुळे आली ह्यावरून. भाडेकरू म्हणतो लीकेज आहे, घरमालक म्हणतो तुम्ही खिडक्या उघडत नाही, कपडे घरात वाळत घालता, आणि मग दोघंही आपापल्या म्हणण्यावर अडून बसतात आणि भिंत तिकडे रोज थोडी थोडी खराब होत राहते. आमच्याकडे हेच झालं आणि त्यात वर्ष गेलं, म्हणून हे सविस्तर लिहितेय, कोणाचं तरी वर्ष वाचेल.

आमच्या मुलांच्या खोलीत कपाट भिंतीला लागून होतं. धाकट्याला रात्रीचा खोकला यायचा, औषधाने बरा व्हायचा, परत यायचा. एकदा कपाटामागे चेंडू गेला म्हणून कपाट ओढलं तर मागची भिंत गुडघ्यापासून खांद्यापर्यंत काळ्या ठिपक्यांनी भरलेली, रंगाला फुगे आलेले, बोट लावलं की पापुद्रा हातात येत होता आणि खाली फरशीवर पांढरी भुकटी साचलेली. कपाटाच्या मागच्या प्लायलासुद्धा बुरशी. घरमालक काकांना लगेच फोन केला. ते म्हणाले, "अहो, तुम्ही दिवसभर दारं-खिडक्या लावून बसता, हवा खेळायला नको का? पेंटर पाठवतो मी." पेंटर आला, खरवडलं, पुट्टी लावली, रंग मारला, दोन महिन्यांत परत पोपडे. परत फोन, परत पेंटर. काका माणूस म्हणून वाईट नव्हते, पण त्या खोलीत त्यांचं कोणी झोपत नव्हतं, आणि मी ह्या सगळ्या काळात एक ओळसुद्धा लिहून कळवली नाही, नुसते फोन करत राहिले. ती माझी चूक किती मोठी होती ते पुढे सांगतेच.

आधी ओल समजून घेऊ. ओल ओल म्हणतो ती साधारण चार वाटांनी येते आणि प्रत्येक वाटेचं वागणं वेगळं असतं, हे एकदा कळलं ना की भिंत बघूनच बराच अंदाज यायला लागतो.

पहिली म्हणजे घरातल्याच हवेतली वाफ. आपण श्वास सोडतो, आंघोळ करतो, स्वयंपाक करतो, ओले कपडे आत टाकतो, सगळ्याची वाफ हवेत जाते, चार माणसांच्या घरात दिवसाला कित्येक लिटर. आता हवेत वाफ किती मावते हे हवेच्या तापमानावर ठरतं. 20 अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 17 ग्रॅमच्या आसपास पाणी मावतं, तीच हवा 10 अंशांपर्यंत गार झाली तर 9 ग्रॅमच्या आसपासच मावतं, म्हणजे जवळजवळ निम्मं पाणी बाहेर पडावंच लागतं. ते कुठे पडणार, तर जी जागा सगळ्यात गार तिथे. खिडकीची काच, बाहेरच्या भिंतींचा कोपरा, बीम आणि भिंत मिळते तो सांधा, कपाटामागचा भाग जिथे हवा फिरतच नाही. गार पाण्याच्या ग्लासाला बाहेरून थेंब येतात तेच हे. ह्यात डागाला स्पष्ट कडा नसते, काळे ठिपके पसरलेले असतात, आणि थंडीत किंवा दमट दिवसांत वाढतं.

दुसरी वाट म्हणजे पाऊस. बाहेरच्या भिंतीला भेग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेलेलं, खिडकीच्या चौकटीभोवतीचं सीलंट सुटलेलं, पन्हळ तुंबलेली. हिची खूण सोपी आहे, पाऊस पडला की काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत डाग गडद होतो, उघडीप मिळाली की फिका पडतो. तिसरी वाट जमिनीतून, विटा आणि गिलावा पाणी वर ओढून घेतात, दिव्याची वात तेल ओढते तसं. ही फक्त तळमजल्याला आणि सहसा साधारण एक मीटरच्या वर चढत नाही, वरच्या टोकाला आडवी लाट उठल्यासारखी रेघ दिसते आणि त्या रेघेपाशी पांढरे क्षार जमतात. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला कोणी "जमिनीतून ओल येतेय" सांगितलं तर सरळ नाही म्हणा.

चौथी वाट पाइपची, आणि फ्लॅटमध्ये जास्त डोकं हीच खाते. ह्यातही दोन प्रकार आहेत आणि दोन्हीत गल्लत होते म्हणून नीट सांगते. पाणी घरात आणणारा पाइप सतत प्रेशरमध्ये असतो, तो गळत असेल तर चोवीस तास गळतो, डाग कधी सुकतच नाही. घरात पाण्याचा मीटर असेल तर सगळे नळ बंद करून, फ्लशची टाकी भरू देऊन मीटरचा आकडा लिहून ठेवा, तासाभराने परत बघा, कोणी पाणी वापरलं नसताना आकडा हलला तर कुठेतरी गळती आहे. ह्याउलट सांडपाण्याचा पाइप, नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या जाळीखालचं सांडपाणी जाण्याचं भांडं), कमोडचा सांधा, बाथरूमच्या टाइल्समधल्या फटी, ह्यातून पाणी तेव्हाच झिरपतं जेव्हा कोणी पाणी वापरतं. म्हणजे वरचे लोक गावाला गेले की तुमची भिंत सुकायला लागते. ह्या दोन्ही प्रकारच्या डागाला पिवळी-तपकिरी कडा असते, कारण पाणी गिलाव्यातली आणि रंगातली विरघळणारी घाण सोबत घेऊन डागाच्या काठापर्यंत येतं, तिथे पाणी उडून जातं आणि घाण मागे राहते.

आता घरबसल्या करायची एक साधी तपासणी सांगते, ह्याला पैसे लागत नाहीत. वहीच्या पानाएवढा ॲल्युमिनियम फॉईलचा तुकडा घ्या. भिंतीवरचा तो भाग आधी फडक्याने पुसून हेअर ड्रायरने वरवर सुकवा, नाहीतर टेप चिकटतच नाही, मग फॉईल लावून चारही कडा चांगल्या टेपने हवाबंद करा. 24 ते 48 तास हात लावू नका. नंतर बघा, फॉईलच्या खोलीकडच्या बाजूला पाणी जमलं असेल तर वाफ खोलीतल्या हवेतली आहे. फॉईलच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला पाणी असेल तर पाणी भिंतीतून येतंय आणि खिडक्या कितीही उघडल्या तरी ते थांबणार नाही. आमच्या फॉईलचा पुढचा भाग कोरडा ठणठणीत होता आणि टेप सोडवली तेव्हा मागून पाण्याचा ओघळ खाली आला. मी तो फोटो काढला तेव्हा वर्षभरात पहिल्यांदा वाटलं की आता आपल्या हातात काहीतरी आहे. पण एक लक्षात ठेवा, दोन्हीकडे कोरडं निघालं म्हणून भिंत निर्दोष आहे असं नाही, तेव्हा कदाचित पाणी येत नसेल, पावसानंतर किंवा वरच्यांच्या वापराच्या वेळी परत करून बघा.

दुसरी गोष्ट पेन्सिलीची, माझी सगळ्यात आवडती. डागाच्या कडेवरून पेन्सिलीने बारीक रेघ ओढायची आणि बाजूला तारीख लिहायची. आठवड्याने डाग जिथे असेल तिथे परत रेघ आणि तारीख. दोन-तीन महिन्यांत भिंतीवर नकाशासारख्या रेघा होतात, आणि मोबाईलमध्ये लिहून ठेवायचं की त्या आठवड्यात पाऊस होता का, वरचे घरी होते का. डाग "वाढला" हे तुमचं म्हणणं राहत नाही, समोर दिसतं. आमच्या रेघांवरून कळलं की वरच्या घराला पंधरा दिवस कुलूप होतं त्या दोन आठवड्यांत डाग एक बोटभरही हलला नव्हता.

बुरशीबद्दल थोडं बोलायलाच हवं कारण घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असली की खरी काळजी तीच असते. बुरशीचे कण हवेत सगळीकडे असतातच, त्यांना रुजायला फक्त ओलावा लागतो, रंग, कागद, लाकूड, धूळ हे सगळं त्यांचं खाणं. म्हणून ओल तशीच ठेवून वरून अँटीफंगल रंग मारला की काही आठवड्यांनी बुरशी त्यातूनही वर येते. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली घरातली ओल आणि बुरशी ह्यावर मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात स्पष्ट आहे की ओल आणि बुरशीच्या घरात राहणाऱ्यांना श्वसनाचा त्रास, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दमा बळावण्याचा धोका जास्त असतो. पाणी सांडलं, छत गळलं, तर भिजलेली गोष्ट 24 ते 48 तासांत सुकवली तर बहुतेक वेळा बुरशी धरत नाही असं अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते, म्हणून भिजलेली गादी, गालिचा, कार्डबोर्डचे खोके त्याच दिवशी उचला. छोटा भाग असेल तर मास्क आणि ग्लोव्ह्ज घालून साबणाच्या पाण्याने पुसता येतो. ब्लीच वापरत असाल तर ते ॲसिडमध्ये किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये अजिबात मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

आणि "तुमच्या राहणीमुळे होतंय" हे वाक्य किती महागात पडू शकतं त्याचं एक उदाहरण आहे, वाचलं तेव्हा मला झोप लागली नव्हती. इंग्लंडमधल्या रॉचडेलला अवाब नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर 2020 मध्ये गेला. घरात बुरशी होती, वडिलांनी तक्रार केली होती, रंग मारून घ्या असं उत्तर मिळालं आणि दोष कुटुंबाच्या राहणीवर टाकला गेला. नोव्हेंबर 2022 मध्ये कॉरोनरच्या (मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या) चौकशीत निघालं की मृत्यू घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे झाला. त्यावरून तिथे त्याच्याच नावाने कायदा झाला, ऑक्टोबर 2025 पासून सामाजिक घरांच्या (म्हणजे गरजूंना कमी भाड्याने दिलेल्या घरांच्या) मालक संस्थांना लागू झाला, तातडीचा धोका असेल तर 24 तासांत कारवाई आणि गंभीर ओल-बुरशीची तक्रार आली तर 10 कामकाजाच्या दिवसांत तपासणी. एका लेकराचा जीव गेल्यावर तारखा ठरल्या.

आता कायदा. इथे लोक घाबरतात पण मूळ विचार सोपा आहे. जुन्या इंग्लिश कायद्यात भाडं हे मुख्यतः जमिनीचं मानलं जायचं, शेत कसायला घेतलं, वरची झोपडी कशी का असेना, दुरुस्ती कसणाऱ्याने बघायची आणि भाडं देत राहायचं. शहरात चौथ्या मजल्यावर दोन खोल्या घेणाऱ्याला हा विचार लागू करणं म्हणजे अन्याय होता, तो प्लंबिंग फोडून दुरुस्त करणार कसा, इमारत त्याची थोडीच आहे. 1970 मध्ये वॉशिंग्टनच्या एका खटल्यात, जेव्हिन्स विरुद्ध फर्स्ट नॅशनल रिअल्टी, तिथल्या अपील कोर्टाने मांडलं की शहरातला भाडेकरू नुसती जागा घेत नाही, राहण्यायोग्य घर घेतो, म्हणजे पाणी, उजेड, गळकं नसलेलं छप्पर हे सगळं भाड्यातच आलं, आणि घर राहण्यायोग्य ठेवणं ही भाडेकराराची न लिहिलेली पण असलेलीच अट आहे. पुढे अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी हा विचार उचलला. इंग्लंडमध्ये 1985 च्या घरमालक-भाडेकरू कायद्याचं कलम 11 म्हणतं की सात वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या भाडेकरारात घराचा सांगाडा, बाहेरचा भाग, गटार-पन्हळी, पाणी-गॅस-वीज-शौचालयाची व्यवस्था मालकाने ठीक ठेवायची. जर्मनीत तर दोष असेल तोपर्यंत भाडं कायद्यानेच कमी होतं, पण दोष मालकाला लगेच कळवणं भाडेकरूवर बंधनकारक आहे.

भारतात 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे, त्याच्या कलम 108 मध्ये लिहिलंय की जी दुरुस्ती मालकावर बंधनकारक आहे ती त्याने नोटीस मिळाल्यावर वाजवी वेळात केली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च व्याजासकट भाड्यातून वळता करू शकतो. करारात वेगळं ठरलं असेल तर मात्र ते लागू. महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 14 आणखी नेमकं आहे, किमान 15 दिवसांची नोटीस आणि वर्षाला जास्तीत जास्त त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश रक्कम वळती करता येते. पण इथे एक मोठी मेख आहे. हे भाडेकरूसाठी आहे, आणि लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत सहसा भाडेकरू नसतो, त्याला फक्त राहायची परवानगी असते, त्यामुळे त्याच्यासाठी ॲग्रीमेंटमधली ओळ न ओळ महत्त्वाची. सही करायच्या आधी "मोठी दुरुस्ती, गळती, वायरिंग, प्लंबिंग मालक करेल, कळवल्यापासून इतक्या दिवसांत" ही ओळ टाकून घ्या, नंतर कोणी टाकू देत नाही.

आता ह्या सगळ्या वेगवेगळ्या देशांच्या, वेगवेगळ्या काळातल्या कायद्यांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते बघा. कळवणं. मालकाच्या उशिराचं घड्याळ सहसा तुम्ही त्याला कळवल्यापासून सुरू होतं, आणि फोनवर कळवलेलं सिद्ध करता येत नाही. माझ्या वर्षभराच्या फोनांची किंमत म्हणूनच शून्य झाली, कारण ज्या दिवशी मी पहिल्यांदा लिहून पाठवलं त्याच दिवशी माझं घड्याळ सुरू झालं. फोन जरूर करा, संबंध चांगले राहतात, पण फोन ठेवल्यावर लगेच "आत्ता आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे" म्हणून मेसेज टाका.

मेसेज कसा असावा, तर त्यात राग नको आणि गोलगोलही नको. मी शेवटी पाठवला तो साधारण असा होता: "काका, नमस्कार. मुलांच्या खोलीतल्या बाथरूमच्या बाजूच्या भिंतीला ओल आहे, आज डाग चार फूट बाय तीन फूट आहे. दोनदा रंग देऊनही परत आली. फॉईल लावून पाहिलं, पाणी भिंतीच्या आतून येतंय, फोटो सोबत पाठवतेय. वरच्या घरी माणसं नव्हती त्या पंधरा दिवसांत डाग वाढला नाही, त्यामुळे वरच्या बाथरूमचं लीकेज असावं असं वाटतं. मुलाला खोकल्याचा त्रास आहे, ती खोली आम्ही बंद ठेवलीय. कृपया पंधरा दिवसांत प्लंबरकडून तपासून घ्यावं, शनिवार-रविवार कधीही घर उघडं आहे. उत्तर लिहून कळवा." बस. काय बिघडलंय, कधीपासून, त्याने काय होतंय, तुम्हाला काय हवंय, कधीपर्यंत, आणि घरात यायला तुम्ही अडवणार नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलं तर तेच ईमेलनेही पाठवा, फोन बदलला की चॅट जातात. मुदत टळली की तेच पत्र पोच मिळेल अशा पोस्टाने.

मालकाची बाजूही समजून घ्यायला हवी, त्यात तुमचाच फायदा आहे. वरून गळत असेल तर त्याला स्वतःच्या घरात काही करता येत नाही, वरच्या मालकाला टाइल्स उखडायला राजी करावं लागतं, तो म्हणतो माझ्याकडे काही गळत नाही, आणि तुमचा घरमालक ह्या कटकटीला कंटाळून पेंटर पाठवतो, कारण पेंटर त्याच्या हातात आहे. अशा वेळी तुमच्या नोंदी त्यालाच कामाला येतात. काकांनी आमचे पेन्सिलीच्या रेघांचे फोटो वरच्या मालकाला दाखवले, मग प्लंबरने वरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये रंग घातलेलं पाणी ओतलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या भिंतीवर फिकट निळसर ओघळ आला. त्यानंतर वाद घालायला कोणाकडे काही उरलंच नाही.

आणि उशीर केला तर नुकसान घरमालकाचंच जास्त, हे त्याला सांगायला हरकत नाही, धमकी म्हणून नाही, हिशोब म्हणून. स्लॅबमधलं लोखंड काँक्रीटच्या अल्कली गुणामुळे सुरक्षित असतं. पाणी आणि हवा वर्षानुवर्षं मुरत राहिली की ते संरक्षण जातं, लोखंड गंजतं, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा घेतो. आतून दाब आला की काँक्रीटला भेगा पडतात, भेगांतून आणखी पाणी, मग एक दिवस प्लास्टरचा तुकडा खाली येतो. आज एक सांधा बदलून भागणारं काम तेव्हा स्लॅबच्या दुरुस्तीवर जातं.

काही गोष्टींना मात्र पंधरा दिवस काय पंधरा मिनिटंही देऊ नका. ओल स्विचबोर्डपर्यंत किंवा छतातल्या दिव्याच्या होल्डरपर्यंत गेली असेल, तर बोर्डला हात न लावता त्या भागाचा एमसीबी (मेन बोर्डातला वीज तोडणारा स्विच) खाली करा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत वर करू नका. घरात आरसीसीबी आहे का बघा, 30 मिलीॲम्पिअरचा असतो, करंट बाहेर गळायला लागला की क्षणात वीज तोडतो, त्यावर टेस्टचं बटण असतं, दाबून बघा पडतोय का. नसेल तर तो बसवून मागा. लोंबणाऱ्या प्लास्टरखाली कोणाला झोपवू नका. गॅसचा वास, बंद बाथरूममध्ये गॅस गिझर, तुंबून घरात उलटलेलं सांडपाणी, ह्यातही तेच. गिझरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो आणि रंगही नसतो, त्यामुळे "काही जाणवत नाही" ह्याला अर्थ नाही. अशा वेळी आधी घर सुरक्षित करा, मग मेसेज लिहा.

आता भाडं थांबवायचं का, हे सगळे विचारतात. माझं स्पष्ट मत, स्थानिक वकिलाला विचारल्याशिवाय थांबवू नका. राग येतो, मलाही आला होता, पण ज्या दिवशी भाडं थकतं त्या दिवसापासून विषय ओलीचा राहत नाही, तुमच्या थकबाकीचा होतो, आणि बऱ्याच ठिकाणी थकबाकी हे घर खाली करायला लावायचं सरळ कारण असतं. काही ठिकाणी भाडं कोर्टात भरायची सोय असते, काही ठिकाणी दुरुस्ती करून वळतं करता येतं, पण प्रत्येकाची पायरी ठरलेली असते. स्वतः दुरुस्ती करायची वेळ आलीच तर आधी दोन-तीन जणांची लेखी कोटेशन घ्या, ती मालकाला पाठवून तारीख सांगा, कामाआधी आणि कामानंतर फोटो काढा, पक्कं बिल घ्या. आणि फक्त जे बिघडलंय तेवढंच दुरुस्त करा, त्यात नवीन टाइल्स बसवून घेतल्या तर अख्खा खर्च वादात जातो.

आपल्याकडून जे व्हायला हवं तेही केलंच पाहिजे. आंघोळीनंतर एक्झॉस्ट फॅन चालू ठेवणं, कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवणं, नहाणीची जाळी साफ करणं, भिंतीत खिळा ठोकताना पाइप फोडला तर तो खर्च आपला. नळाचा वायसर, बल्ब, अशा किरकोळ गोष्टी बहुतेक करारात भाडेकरूकडेच असतात. वाफेच्या ओलीत मात्र जबाबदारी सरळ वाटता येत नाही, कारण बाथरूमला खिडकीच नसेल आणि एक्झॉस्टही बसवलेला नसेल तर तुम्ही वाफ बाहेर घालवणार कुठून, ती घराचीच उणीव झाली. तेव्हा "खिडक्या उघडा" म्हटलं की आधी विचारा, कुठल्या.

दुरुस्ती झाली की लगेच रंग मारू देऊ नका, इथे पुष्कळ लोक फसतात. गळती थांबली तरी भिंतीत मुरलेलं पाणी तिथेच असतं, आणि ढोबळ हिशोब असा की भिंत महिन्याला साधारण एक इंच जाडीने सुकते, म्हणजे नऊ इंची भिंतीला बरेच महिने लागू शकतात. त्याच्या आत प्लास्टिक पेंट मारला तर पाणी आत कोंडतं, फुगे येतात, आणि मालकाला वाटतं दुरुस्ती करूनही तुम्ही तक्रारच करताय. ढिला गिलावा काढून टाका, पंखा लावा, क्षार कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, परत आत जातात.

आमची भिंत सुकायला पाच महिने लागले. रेघा आम्ही तशाच ओढत राहिलो, फक्त आता त्या आतल्या बाजूला सरकत होत्या, प्रत्येक आठवड्याची आधीच्या आठवड्यापेक्षा लहान. रेघ ओढायचं काम धाकट्याने मागून घेतलं होतं. शेवटची रेघ ताटलीएवढी होती, तिच्या पुढच्या रविवारी तो पेन्सिल घेऊन भिंतीपाशी गेला, हाताने चाचपून बघितलं आणि मला म्हणाला, "आई, कुठे काढू?"